उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडले तर: पहिल्या दहा मिनिटांपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत

दर गळीत हंगामात हे असंच होतं. फड निम्मा तुटलेला असतो, कुणाचा तरी कोयता हवेतच थांबतो, हाक जाते, आणि अर्ध्या तासात बछडे गावातल्या एखाद्या ओट्यावर पोत्यावर ठेवलेले असतात. भोवती सारा गाव, पुढ्यात गाईच्या दुधाची वाटी. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण वन विभागाची माणसं पोचली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "नेमके कुठल्या सरीत होते?" तोवर फड मोकळा झालेला, पाचट (उसाची वाळलेली पानं) विस्कटलेलं आणि जागा दाखवू शकणारा मजूर मोळ्या भरून कारखान्याच्या वाटेवर असतो.

बछडे टाकून दिलेले नसतात. मादी पिलांना दाट उसात ठेवून शिकारीला जाते, किंवा कोयत्यांचा आवाज ऐकून शेजारच्या फडात दबून बसलेली असते. अंधार पडला की ती परत येते, आणि जिथे ठेवली तिथेच पिलं शोधते. म्हणजे ती सरी हा तिच्यासाठी पत्ता आहे. हा पत्ता मोडला नाही, तर मादी बहुतेक वेळा पिलं घेऊन जाते.

खालचे टप्पे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड या ऊसपट्ट्यातले शेतकरी आणि टोळीचे मुकादम डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेत. क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रमातच होतात.

## टप्पा १: फडाला कोयता लावण्याआधी

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. पाणी, सावली, आडोसा, जवळच वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. मादीला पिलं घालायला याहून बरी जागा कुठली? म्हणून तोडीची चिट्ठी आली की आदल्या दिवशी उजेडात बांधावरून एक फेरी मारा.

बघायचं काय? मातीतले आणि पाटाच्या ओलीतले पंजे. कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात, बिबट्याच्या नाही. उसात शिरणारी एकच दबलेली वाट. कोंबडी-शेळीचे अवशेष, ओढत नेल्याची खूण. आणि पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा; रात्रीच्या लाईटला मोटर चालू करणाऱ्याला फडात काय आहे हे मालकाच्या आधी कळलेलं असतं.

खुणा दिसल्या, तर तोड रद्द करायची गरज नाही. तीन गोष्टी बदला.

पहिली, तोडीची दिशा. रस्त्याच्या किंवा वस्तीच्या बाजूने सुरुवात करा आणि शेजारच्या उभ्या उसाकडे सरकत जा, म्हणजे जनावराला मागून निघून जायला वाट राहते. चारी बाजूंनी तोडत आत आलात, तर मध्ये उसाचं एक बेट उरतं आणि त्यात कोंडलेली मादी. फडात माणसं जखमी होण्याचा धोका याच वेळी सगळ्यात जास्त असतो.

दुसरी, वेळ. टोळ्या पहाटे अंधारातच कोयता धरतात, कारण गाडी वेळेवर भरायची असते. खुणा असलेल्या फडात लख्ख उजाडेपर्यंत थांबा. वाकून तोडणारं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही. मोठ्याने बोला, मोबाईलवर गाणी लावा.

तिसरी, लेकरं. कोयता चालू असताना बांधावर झोळीत किंवा पाचटावर झोपवलेलं मूल. याबद्दल मुकादमाशी आधीच बोला. मुलांसाठी उघड्यावर, फडापासून लांब एक जागा ठरवा आणि तिथे एक मोठं माणूस बसवा. एका माणसाची मजुरी जाते, जाऊ द्या. हवं तर ती मालकाने द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

> थांबा. फड पेटवून मग तोडण्याचा विचार असेल, तर पेटवण्याआधी आत फेरी झालीच पाहिजे. डोळे न उघडलेली पिलं आगीतून पळू शकत नाहीत. हार्वेस्टर लावणार असाल, तरी तेच. चालकाला केबिनमधून सरीतलं पिल्लू दिसत नाही.

## टप्पा २: बछडे दिसले. पहिली दहा मिनिटं

फोन नंतर. आधी माणसं बाहेर.

कोयता थांबवा आणि सगळ्यांना एकत्र, बोलत बोलत, ज्या बाजूने तोड झाली आहे त्याच मोकळ्या बाजूने बाहेर काढा. उभ्या उसात कुणी शिरायचं नाही, शेजारच्या फडात तर मुळीच नाही. मादी बहुधा तिथेच असते. पळू नका. पाठ दाखवून पळणारं माणूस तिला पाठलागाला उद्युक्त करतं. गुरगुर ऐकू आली, तर तोंड त्या बाजूला ठेवून हळूहळू मागे सरका.

कुत्री असतील, तर ती पहिली बांधा. हे विसरतंच. माणसं मागे होतात आणि टोळीबरोबर आलेलं कुत्रं पुढे जाऊन पिल्लू तोंडात धरतं.

पिल्लू स्वतःच्या पायांनी पळून उसात शिरलं, तर प्रश्न मिटला. त्याच्यामागे जाऊ नका. दोन-तीन महिन्यांची पिलं चांगली पळतात. ती आईला शोधतील, आई त्यांना. पुढचे टप्पे आहेत ते जागेवरून हलू न शकणाऱ्या पिलांसाठी.

## टप्पा ३: जागेची खूण

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि सगळं याच्यावरच उभं आहे.

१. पिलं जिथे आहेत तिथून चार-पाच पावलांवर एक उंच काठी रोवा, तिला रंगीत फडकं बांधा.

२. मोबाईलमध्ये त्या जागी उभं राहून लोकेशन साठवा आणि एक फोटो घ्या. फोटो पिलांचा नको, जागेचा हवा: मागे विहीर, विजेचा खांब, झाड असं काहीतरी कायमचं दिसू द्या. पाचट हललं की सगळ्या सऱ्या सारख्याच दिसतात.

३. पिलांभोवतीचा दोन-चार गुंठ्यांचा ऊस उभा ठेवा. आधीच तुटला असेल, तर तिथलं पाचट तरी तसंच राहू द्या.

४. ज्याला पिलं पहिल्यांदा दिसली, त्या मजुराला संध्याकाळपर्यंत गावातच थांबायला सांगा. त्याचा रोज द्या.

टोळीचा दिवस मोडतो, हे खरं आहे. गाडी अर्धी भरलेली असते, पैसे टनावर मिळतात, आणि आमच्या उचलीचं काय, असं मुकादम विचारतो तेव्हा तो चुकीचं बोलत नाही. अशा वेळी कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) फोन करून टोळी तेवढ्या दिवसापुरती दुसऱ्या फडावर वळवून घ्या. त्याच फडाचं दुसरं टोक तोडायचं का, हे वनरक्षक येऊन जागा बघितल्यावर ठरू द्या.

### उचलावंच लागलं तर

आग जवळ आली, पाटाचं पाणी सरीत शिरलं, कुत्री आवरत नाहीत, अशा वेळी उचलावं लागतं. तेव्हा हातात जाड कापड घ्या, सगळी पिलं एकत्र उचला आणि त्याच फडात, खुणेपासून शक्य तितक्या जवळ, सावलीत ठेवा. घरी नको, चावडीवर नको, शाळेत तर नकोच.

"माणसाचा वास लागला की आई पिलाला टाकते" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं नाही. माणसांनी हाताळलेली, डॉक्टरांनी तपासलेली पिलं मादीने उचलून नेल्याचं कॅमेऱ्यात कितीदा तरी दिसलं आहे. तरीही हात कमीत कमी लावायचा, तो वासामुळे नाही. इतकी लहान पिलं हाताळणीने थंड पडतात, घाबरतात, आणि माणसाकडून-जनावराकडून रोग इकडे तिकडे जातात.

> तपासा. काठी रोवली? लोकेशन साठवलं? कुत्री बांधली? पहिला मजूर थांबला? चारही उत्तरं "हो" असतील, तरच पुढे.

## टप्पा ४: बिबट्याच आहे ना?

फार वेळ घालवू नका, पण लांबून एवढं बघा. "बिबट्याचे बछडे" म्हणून आलेल्या निरोपातले काही रानमांजराचे किंवा वाघाटीचे निघतात.

बिबट्याच्या पिलाचे कान गोल, शेपूट लांब, पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि अंगभर दाट ठिपके. अगदी कोवळ्या वयात लोकरीसारख्या केसांमुळे ते करडं, मळकट दिसतं. रानमांजराच्या पिलाचे कान उभे, टोकदार. शेपूट आखूड, तिच्यावर काळी वलयं. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. तिचं पिल्लू मुठीत मावतं, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या रांगा आणि कपाळावर गडद रेघा असतात.

ओळख पटली नाही, तरी हरकत नाही. कुठलंही असलं तरी उचलायचं नाही, आणि फोन तोच.

## टप्पा ५: फोन आणि काय सांगायचं

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर आधीपासून मोबाईलमध्ये असेल, तर आणखी लवकर काम होतं. हंगाम सुरू होण्याआधी पोलीस पाटलांकडून तो घेऊन ठेवा. नुसतं "आमच्याकडे वाघ निघालाय, लवकर या" असं सांगितलं, तर समोरचा माणूस काय तयारीने येणार? हे सांगा:

- गाव, वस्ती, गट नंबर, शेताच्या मालकाचं नाव, मुख्य रस्त्यापासून वाट
- पिलं किती, डोळे उघडले आहेत की मिटलेले (साधारण दहा दिवसांच्या आत मिटलेले असतात)
- जागेवरच आहेत की हलवली, हलवली तर किती लांब
- मादी दिसली किंवा आवाज आला का
- पिलाला जखम, भाजणं, कोयता लागणं असं काही आहे का
- फड किती तुटलाय, उरलेला ऊस कुठल्या बाजूला आहे

जखम असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा. मग पथक थेट पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना घेऊनच निघतं.

> थांबा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन किंवा पिलांचा व्हिडिओ टाकू नका. एका तासात शेजारच्या चार गावांच्या मोटारसायकली बांधावर उभ्या राहतात, आणि रात्री मादी न येण्याचं ते एक मोठं कारण ठरतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बछडा पकडणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे. हातात धरून काढलेला फोटो हा स्वतःविरुद्ध स्वतः तयार केलेला पुरावा.

## टप्पा ६: पथक येईपर्यंत राखण

दोन-तीन माणसं पुरेत. उभ्या उसाकडे तोंड करून, मोकळ्या बाजूला, पिलं दिसतील पण पिलांना आपली कुजबूज ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर बसा. बाकीच्यांना घरी पाठवण्याचं काम पोलीस पाटलांकडे किंवा सरपंचांकडे द्या. ते शेजाऱ्याने केलं की भांडण होतं.

दूध देऊ नका. गाईचं नाही, शेळीचं नाही, बाटलीने नाही, बोळ्याने नाही. उताणं धरून पाजलेलं दूध पोटात न जाता फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी पिल्लू न्युमोनियाने मरतं. पोटात गेलंच, तर हगवण. आमच्या भागात एकदा एका आजीने मोठ्या मायेने कापसाच्या बोळ्याने दोन पिलांना दूध पाजलं. एक संध्याकाळपर्यंत धापा टाकत होतं. त्या रात्री आई आली, पण ते पिल्लू डॉक्टरांनी स्वतःकडेच ठेवून घेतलं. आजींना कुणी बोललं नाही, आणि बोलायलाही नको होतं. त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पिल्लू काही तास उपाशी राहू शकतं. आई शिकारीला गेली की ते राहतंच. ऊन थेट अंगावर येत असेल, तर वर उसाच्या वाढ्यांची सावली करा. थंडी असेल, तर भोवती कोरडं पाचट सारा. एवढंच.

## टप्पा ७: संध्याकाळची मांडणी

हे काम वन विभागाचं आणि डॉक्टरांचं. पण काय चाललंय ते तुम्हाला कळलं, तर मदत होते, अडथळा नाही.

डॉक्टर पिलांचं वय, नर-मादी, वजन, गोचिड्या, अंगातलं पाणी कमी झालंय का, जखमा हे बघतात. तब्येत ठीक असेल, तर सूर्य मावळायच्या सुमाराला पिलं एका उघड्या तोंडाच्या पेटीत घालून खुणेच्या जागी ठेवतात. आपल्याकडे टोमॅटोचं कॅरेट यासाठी अगदी योग्य पडतं: पिलाला चढून बाहेर येता येत नाही, आईला मान घालून पिल्लू उचलता येतं, हवा खेळती राहते. कॅरेट धुतलेलं हवं. फवारणीच्या औषधाचा वास असलेलं नको. हे मुद्दाम लिहितोय, कारण गोठ्यातलं जे हाताला लागतं ते बहुधा तसंच असतं.

पेटी कुठे ठेवायची, यावर हमखास वाद होतो. कुणी म्हणतं रस्त्याकडेला ठेवू, गाडीतून दिसेल. कुणी म्हणतं शेजारच्या फडात ठेवू, मादी तिकडेच आहे. दोन्ही चूक. काठी रोवली तिथेच. फड पूर्ण तुटला असेल, तर त्याच जागेच्या रेषेत, उभ्या उसाच्या सगळ्यात जवळच्या कडेला. हा बदल पथकच करेल.

मालकाने करायच्या गोष्टी:

१. त्या रात्री त्या फडाची आणि शेजारच्या फडाची मोटर बंद. रात्रपाळीची लाईट असली, तरी पाणी उद्या.

२. बांधावरचा, गोठ्यावरचा बल्ब बंद.

३. वस्तीवरची कुत्री घरात किंवा साखळीला, शेळ्या-कालवडी बंद गोठ्यात.

४. ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) फडाला लागून असतील, तर त्या रात्रीपुरती माणसं गावातल्या शाळेत किंवा मंदिरात हलवा. टेकलेली दारं आणि उघड्यावरची चूल, समोर पिलांसाठी आलेली मादी. हा धोका कुणीही घेऊ नये.

## टप्पा ८: रात्र

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर हललं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, लावलेला असतो आणि पथक बरंच लांब, गाडीत बसून असतं. गावाचं काम झोपायचं.

मादी कधी अंधार पडताच येते, कधी मध्यरात्रीनंतर. आधी लांबून फेऱ्या मारते, मग पेटीपाशी येते आणि एक पिल्लू मानेला धरून नेते. एका वेळी एकच. आता सगळ्यात जास्त होणारी चूक: पहिलं पिल्लू गेलं की हुरूप येतो आणि कुणीतरी बॅटरी घेऊन "दुसरं आहे का" बघायला जातं. मादी त्याच वाटेवर परत येत असते. दोन पिलांमध्ये वीस मिनिटं जातील, नाहीतर तीन तास. पूर्ण उजाडेपर्यंत पेटीकडे कुणीही जायचं नाही.

> तपासा. सकाळी पेटी रिकामी दिसली, तरी कॅमेऱ्यातले फोटो बघितल्याशिवाय "आईने नेली" असं जाहीर करू नका. कोल्हा, कुत्रं, नाहीतर माणूस. रिकाम्या पेटीची कारणं अनेक असतात.

## टप्पा ९: आई आली नाही, किंवा एकच नेलं

एका रात्रीत हार मानायची नसते. उरलेली पिलं डॉक्टरांच्या देखरेखीत दिवस काढतात, त्यांना योग्य आहार मिळतो, आणि पुढच्या संध्याकाळी पेटी त्याच जागी परत लागते. पण आधी आदल्या रात्री काय चुकलं ते शोधा. गर्दी होती का? शेजाऱ्याची मोटर चालू होती का? जागा नक्की तीच होती का? पहिल्या मजुराला पुन्हा उभं करून विचारा. कित्येकदा एवढ्यानेच पेटी चाळीस-पन्नास फूट सरकते.

काही प्रयत्नांनंतरही मादी फिरकली नाही, किंवा ती मेल्याचं कळलं, तर पिलं निवारा केंद्रात जातात. जुन्नर भागात ते माणिकडोहला आहे. आईविना वाढलेलं पिल्लू पुढे जंगलात सोडणं फार अवघड असतं. शिकार आणि माणसापासून लांब राहणं हे आईच शिकवते, दीड-दोन वर्षं.

## टप्पा १०: पुढचे पंधरा दिवस

मादीने पिलं नेली म्हणजे ती तालुका सोडून गेली असं नाही. बहुधा दोन बांध ओलांडून दुसऱ्या उसात असते. म्हणून त्याच दिवशी शेजारच्या शेतकऱ्यांना निरोप द्या, आणि ज्यांची तोड लागणार आहे त्यांनी टप्पा १ पासून सुरुवात करावी. संध्याकाळनंतर मुलं अंगणात एकटी नकोत. परसाकडे जाताना बॅटरी आणि सोबत हवी. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद.

या दिवसांत ग्रामसभेत "पिंजरा लावा" ही मागणी येतेच. भीती खरी असते, ती मोडीत काढू नका. पण मादी पिंजऱ्यात गेली, तर पिलं फडातच राहतात आणि तुम्ही पुन्हा टप्पा २ वर येता. पकडून लांब नेऊन सोडण्याचा प्रयोग जुन्नरमध्ये २००१ ते २००३ दरम्यान मोठ्या प्रमाणावर झाला होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढल्याचं अभ्यासात दिसलं. माणसावर हल्ला झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय वरिष्ठ वनाधिकारी घेतात आणि घ्यायलाच हवा.

राखून ठेवलेला दोन-चार गुंठ्यांचा तुकडा कधी तोडायचा, हे वनरक्षकाला विचारून ठरवा. मादी पिलं घेऊन गेल्याची खात्री झाल्यावर, दुपारच्या उन्हात, आधी बाहेरून मोठा आवाज करून आणि पुन्हा एकाच बाजूने. काठी आणि फडकं मात्र खोडव्यापर्यंत (त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकापर्यंत) तिथेच राहू द्या. तोच फड, तीच सरी पुढच्या हंगामात पुन्हा निघू शकते.